बँकॉकहून रेल्वेने मलेशियाला जाताय? या चुका टाळा

रात्रभर स्लीपरमधे झोपून सकाळी दुसऱ्या देशात उतरायचं, हा अनुभव एकदा तरी घ्याच. पण आपली माणसं यात त्याच त्याच ठिकाणी अडकतात आणि उगाच मनस्ताप होतो, म्हणून लिहितोय.

पहिली गडबड बँकॉकमधेच होते. जुनी माहिती वाचून लोक हुआ लाम्फोंग स्टेशनला जातात, पण जानेवारी २०२३ पासून दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अफिवत टर्मिनलवरून सुटतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डबा. ४५ नंबरची गाडी सीमेवरच्या पाडांग बेसारला जाते हे खरं, पण अख्खी गाडी जात नाही. सकाळी दक्षिण थायलंडमधल्या हाट याई जंक्शनला ती तुटते, बरेचसे डबे दुसऱ्या मार्गाने सुंगाई कोलोक या थाई गावाच्या दिशेने जातात आणि मोजकेच डबे पाडांग बेसारकडे. तेव्हा मित्रांच्या डब्यात गप्पा मारत बसला असाल तर हाट याई यायच्या आधी सामानासकट आपल्या डब्यात या, तिकिटावरचा डबा नंबर पुन्हा बघा. हाट याईलाच फ्राइड चिकन मिळतं, वर कुरकुरीत तळलेला कांदा आणि सोबत चिकट भात, नक्की खा! शाकाहारी असाल तर मात्र बँकॉकहूनच दशम्या-चटणी किंवा तसलं काहीतरी सोबत ठेवा.

पुढे पाडांग बेसार याच नावाचं थाई हद्दीतलं छोटं स्टेशन आधी येतं, तिथे उतरू नका, शेवटपर्यंत बसा. शेवटच्या, म्हणजे मलेशियातल्या पाडांग बेसार स्टेशनात एकाच इमारतीत आधी थायलंडचा एक्झिट शिक्का, मग मलेशियाचा एंट्री शिक्का. सगळं सामान घेऊनच उतरायचं. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरा. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की लगेच बंद करा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकीट काढायच्या आधी बघा.

आणि घड्याळ! मलेशिया थायलंडच्या एक तास पुढे आहे. मी फोनवरची थाई वेळ बघत निवांत बसलो आणि बटरवर्थला जाणारी कोम्यूटर, म्हणजे मलेशियाची लोकल, डोळ्यांदेखत सुटली. क्वालालंपूरला जायचं असेल तर ईटीएस या मलेशियाच्या वेगवान इलेक्ट्रिक गाडीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ते आधीच काढा आणि मधे दोनेक तास मोकळे ठेवा, कारण थाई गाडीला उशीर होतोच. पेनांग बेटावर जाणाऱ्यांनी बटरवर्थला उतरायचं, स्टेशनहून चालत गेलं की फेरी मिळते.