यूपीएसला यूएसबीनं बोलतं करायचं: मार्केट यार्डातल्या पेढीवरची जोडणी

सांगलीत हळदीचे सौदे आणि वळीव एकाच महिन्यात येतात. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की वारं सुटतं आणि लाईट जाते. नेमकं तेव्हाच पेढीवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, काढायचं काम चालू असतं. यूपीएस टूं-टूं करायला लागतो. दिवाणजी सौद्यावर गेलेले, शेठ फोनवर, आणि हमालांचं त्या आवाजाशी काही देणंघेणं नाही. बॅटरी संपते, सर्व्हर फाईल उघडी असतानाच धाडकन पडतो. असा यूपीएस सर्व्हर पडण्याची वेळ फक्त थोडी पुढं ढकलतो. लाईट गेल्याचं मशीनला स्वतःला कळलं पाहिजे आणि बॅटरी संपायच्या आत ते नीट बंद झालं पाहिजे. त्यासाठीच यूपीएसच्या पाठीमागं यूएसबीची जागा दिलेली असते. यार्डातल्या बऱ्याच पेढ्यांवर ती जागा कोरीच दिसते आणि केबल खोक्यातच राहते.

मी पेढ्यांवर जे बसवतो तेच इथं सांगतो: एक जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, सगळ्या टेबलांच्या फायली त्याच्यात (हाच आपला सर्व्हर), आणि शेजारी एक केव्हीएचा यूपीएस. सॉफ्टवेअर नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे 'नट'. फुकट आहे, जुनं आहे, भरवशाचं आहे.

लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. पेढीवरच्या पोरांना मी आज्ञा फोनवर सांगतो, तशाच इथं लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची, डॅश म्हणजे आडवी रेघ, अंडरस्कोअर म्हणजे खालची रेघ. जिथं मोठी अक्षरं लागतात तिथं तसं सांगतो.

पाठीमागं नेमकं काय आहे ते बघा

यूपीएस फिरवा. प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी भोक असेल तर काम सोपं. काही एपीसीच्या यूपीएसना नेटवर्कच्या सॉकेटसारखं दिसणारं डेटा पोर्ट असतं. त्याला दहा पिनांची कंपनीचीच केबल लागते, साधी लॅनची केबल तिथं खुपसू नका. पुढच्या बाजूला मोबाईल चार्ज करायचं चपटं यूएसबी असेल तर ते नुसतं चार्जिंगचं, त्यातून माहिती येत नाही. आणि सहाशे व्हीएचे बरेच स्वस्त यूपीएस मुळात मुकेच असतात. तसला घेतला असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही, पुढच्या वेळी बघून घ्या. घरच्या इन्व्हर्टरचंही तेच.

केबल थेट मशीनच्या मागच्या यूएसबीत लावा, हबमधून नाही. यूपीएसवर सर्व्हर, एक मॉनिटर आणि राउटर, एवढंच. लेझर प्रिंटर कधीही लावू नका, त्याचा हीटर तापताना एकदम भार ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड दाखवतो. आणि ठेवायची जागा उंच असू द्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून मी जमिनीवर यूपीएस ठेवूच देत नाही.

कोणता ड्रायव्हर

'सुडो एपीटी इन्स्टॉल नट' देऊन नट बसवा. मग 'एलएसयूएसबी' टाका. यादीत यूपीएसची एक ओळ असेल, तिच्यात दुटिंबानं जोडलेले दोन आकडे असतात: पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. पहिला ०५१डी असेल तर एपीसी, ०७६४ असेल तर सायबरपॉवर, ०४६३ असेल तर ईटन. हे तिन्ही साधारण 'यूएसबीएचआयडी-डॅश-यूपीएस' या ड्रायव्हरनं चालतात. यूएसबीच्या नियमावलीत वीजसाधनांसाठी एक ठरलेली भाषा आहे, ती भाषा हा ड्रायव्हर बोलतो.

०६६५:५१६१ असा आकडा दिसला तर गोष्ट वेगळी. हा आकडा यूपीएसच्या कंपनीचा नसतो, आत बसवलेल्या यूएसबी चिपचा असतो. वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या कितीतरी यूपीएसमध्ये तीच चिप सापडते. आत जुनी सिरियल पोर्टच्या काळातली मेगाटेक पद्धतीची भाषा चालते. त्याला 'नटडीआरव्ही-अंडरस्कोअर-क्यूएक्स' हा ड्रायव्हर. जुन्या लेखांत 'ब्लेझर-अंडरस्कोअर-यूएसबी' लिहिलेलं सापडेल. त्याची जागा आता यानं घेतली आहे. खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर ठरवू नका, एलएसयूएसबी काय म्हणतं ते बघा.

आता 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'नट' फोल्डरात 'यूपीएस-डॉट-कॉन्फ' ही फाईल उघडा आणि शेवटी लिहा:

[गल्ला]
ड्रायव्हर = यूएसबीएचआयडी-यूपीएस
पोर्ट = ऑटो
व्हेंडरआयडी = ०५१डी
पोलइंटरव्हल = ५

चौकटी कंसातलं नाव तुमच्या मनाचं, फक्त इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. यूएसबीसाठी पोर्टला खरं तर काही अर्थ नाही, पण ओळ लागतेच, म्हणून ऑटो. व्हेंडरआयडी एकच यूपीएस असताना नसली तरी चालते, मी लिहून ठेवतो. एकाच कंपनीचे दोन यूपीएस एकाच मशीनला असतील तर 'सिरियल' नावाच्या ओळीत प्रत्येकाचा क्रमांक द्या, नाहीतर रीस्टार्टनंतर कोण कुठला ते बदलू शकतं.

आता 'सुडो यूपीएसडीआरव्हीसीटीएल स्टार्ट'. 'युजिंग सबड्रायव्हर' असं पुढं कंपनीच्या नावासकट आलं की जुळलं. 'नो मॅचिंग एचआयडी यूपीएस फाउंड' आलं तर ड्रायव्हर चुकीचा किंवा केबल चुकीची. 'इनसफिशियंट परमिशन्स' आलं तर ड्रायव्हर बरोबर आहे, नुसती परवानगी नाही: ड्रायव्हर 'नट' नावाच्या साध्या वापरकर्त्याच्या हक्कानं चालतो आणि यूएसबीचं साधन अजून रूटच्याच, म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य वापरकर्त्याच्याच, ताब्यात असतं. परवानगीचा नियम नट बसवतानाच फोल्डरात पडलेला असतो, फक्त केबल त्याआधीच लावलेली असली तर तो लागू झालेला नसतो. केबल काढून परत लावा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. नाही भागलं तर 'सुडो यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड-रूल्स', मग 'सुडो यूडेव्हएडीएम ट्रिगर'. ड्रायव्हर कायमचा रूटच्या हक्कानं चालवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका.

बाकीच्या फायली, पटकन

'नट-डॉट-कॉन्फ'मध्ये मोड=स्टँडअलोन (मोड आणि स्टँडअलोनपैकी पहिला शब्द मोठ्या अक्षरांत, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा नको). 'यूपीएसडी-डॉट-यूजर्स'मध्ये [पहारा] असा एक वापरकर्ता, त्याखाली पासवर्ड = तुमचा शब्द, आणि यूपीएसमॉन प्रायमरी. 'यूपीएसमॉन-डॉट-कॉन्फ'मध्ये ही ओळ, पहिला शब्द मोठ्या अक्षरांत:

मॉनिटर गल्ला@लोकलहोस्ट १ पहारा तुमचा-शब्द प्रायमरी

डेबियन ११ असेल तर नटची आवृत्ती २.७.४ येते आणि तिथं प्रायमरीच्या जागी मास्टर लिहायचं. डेबियन १२ मध्ये २.८.० आहे, तिथं प्रायमरी. फायलींत पासवर्ड आहे, तेव्हा त्या सगळ्यांना वाचता येतील अशा ठेवू नका. मग मशीन रीस्टार्ट करा.

आकडे खरे आहेत का

'यूपीएससी गल्ला' टाका. लांबलचक यादी येते. तिच्यात 'यूपीएस-डॉट-स्टेटस'समोर ओएल, म्हणजे लाईट आहे. 'बॅटरी-डॉट-चार्ज' टक्क्यांत, 'बॅटरी-डॉट-रनटाइम' सेकंदांत, 'यूपीएस-डॉट-लोड' टक्क्यांत.

आता भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपसू नका: बटणानं फेज तुटते आणि अर्थिंग जोडलेलं राहतं, प्लग काढला की अर्थिंगही जातं. काही सेकंदांत ओएलचं ओबी, म्हणजे बॅटरीवर, झालं पाहिजे. परत चालू केलं की ओएल. हे होत नसेल तर बाकी आकडे कितीही सुंदर दिसोत, जोडणी झालेली नाही.

ओबी दिसलं म्हणजे झालं असं समजून बहुतेक जण इथंच उठतात. खरी मेख पुढं आहे. नट मशीन कधी बंद करतं? स्टेटसमध्ये ओबी आणि एलबी, म्हणजे लाईट नाही आणि बॅटरी खालावली, असे दोन्ही एकदम आले की. एलबी कधी लावायचं हे यूपीएस स्वतः ठरवतो, स्वतःच्या बॅटरीवर विश्वास ठेवून. पेढीवरची बॅटरी उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेली असते, आणि लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य उष्णतेनं झपाट्यानं घटतं. म्हातारी बॅटरी म्हणजे ओल्या हळदीचं पोतं: काट्यावर वजन भरतं, वाळवलं की माल निघत नाही. चार्ज १०० टक्के दाखवते, लाईट गेल्यावर थोडा वेळ उतरत जाते आणि मग एकदम शून्य. एलबी लागायला वेळच मिळत नाही.

म्हणून ठरवायचं काम यूपीएसकडून काढून आपल्याकडं घ्यायचं. 'यूपीएस-डॉट-कॉन्फ'मधल्या [गल्ला]च्या त्याच भागात या ओळी वाढवा:

इग्नोरएलबी
ओव्हरराइड.बॅटरी.चार्ज.लो = ५०
ओव्हरराइड.बॅटरी.रनटाइम.लो = ३००

आता यूपीएसचा एलबी ड्रायव्हर मानत नाही. चार्ज ५० टक्क्यांखाली किंवा उरलेला वेळ ३०० सेकंदांखाली, यातलं काहीही झालं की ड्रायव्हर स्वतः एलबी लावतो. नव्या बॅटरीला ५० ही उधळपट्टी वाटेल. पेढीवर लाईट गेल्यावर तासभर काम चालू ठेवायचं नसतं, हातातली पट्टी पुरी झाली की पुरे.

क्यूएक्स ड्रायव्हरच्या स्वस्त यूपीएसची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांतले बरेच चार्ज सांगतच नाहीत, नुसतं बॅटरीचं व्होल्टेज सांगतात. मग ड्रायव्हर अंदाज बांधतो: १२ व्होल्टच्या बॅटरीला १०.४ म्हणजे रिकामी, १३ म्हणजे भरलेली. तुमच्या बॅटरीला हे लागू पडेलच असं नाही. 'डीफॉल्ट.बॅटरी.व्होल्टेज.हाय' आणि 'डीफॉल्ट.बॅटरी.व्होल्टेज.लो' या दोन ओळींत स्वतः बघितलेले आकडे भरा. उरलेला वेळही हवा असेल तर 'रनटाइमकॅल = २४०,१००,७२०,५०' अशी ओळ: पूर्ण भारावर २४० सेकंद, निम्म्या भारावर ७२०. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे घड्याळ लावून काढा. त्यासाठी रविवारी, यार्ड बंद असताना, सर्व्हरऐवजी दोन जुने पिवळे बल्ब यूपीएसला लावायचे आणि लोडचा टक्का बघत बसायचं. चहा सोबत असू द्या.

बॅटरी फारच गेलेली आणि नवी घ्यायला शेठ तयार नाहीत, तर टक्क्यांचा नाद सोडा. नटमध्येच असलेल्या 'यूपीएसशेड' या वेळ लावायच्या प्रोग्रॅमनं लाईट गेली की १२० सेकंदांचा टायमर लावा, लाईट आली की रद्द, नाही आली तर 'यूपीएसमॉन -सी एफएसडी' (सक्तीनं बंद करायची आज्ञा) देऊन मशीन बंद. आडदांड उपाय आहे, पण चालतो.

बंद झाल्यावर परत चालू कसं होणार

मशीन बंद झालं आणि लगेच लाईट आली, तर मशीनच्या दृष्टीनं वीज कधी गेलीच नव्हती. त्याला वीज सलग मिळते आहे, मग ते सुरू कशाला होईल? सकाळी दिवाणजी येऊन बटण दाबेपर्यंत बंद. यासाठी नट शेवटच्या क्षणी यूपीएसला सांगतं की थोड्या वेळानं आउटपुट तोड आणि लाईट असली की परत दे. हा वेळ 'यूपीएस-डॉट-कॉन्फ'मधला 'ऑफडिले', यूएसबीएचआयडी ड्रायव्हरला मुळात २० सेकंद, आणि परत देण्याचा 'ऑनडिले', मुळात ३० सेकंद. जुन्या डिस्कच्या मशीनला २० पुरत नाहीत. मी ऑफडिले ६० आणि ऑनडिले ९० ठेवतो. ऑनडिले नेहमी ऑफडिलेपेक्षा मोठा हवा. 'यूपीएसमॉन-डॉट-कॉन्फ'मध्ये 'पॉवरडाउनफ्लॅग'ची ओळ चालू आहे ना ते बघा, आणि मशीनच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर सुरू व्हायची सेटिंग लावा.

मग खरी परीक्षा: सगळ्यांच्या फायली बंद करून घ्या आणि 'सुडो यूपीएसमॉन -सी एफएसडी'. मशीन बंद व्हायला हवं, यूपीएसचं आउटपुट तुटायला हवं, थोड्या वेळानं सगळं आपोआप उभं राहायला हवं. यातलं आउटपुट तुटत नसेल तर काही स्वस्त यूपीएस ही आज्ञा पाळतच नाहीत, त्यांच्यापुढं इलाज नाही.

लॉगमध्ये 'डेटा स्टेल' वारंवार दिसलं तर घाबरू नका. ड्रायव्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही एवढाच त्याचा अर्थ. आधी केबल आणि हब तपासा, मग 'यूपीएसडी-डॉट-कॉन्फ'मधला 'मॅक्सएज' १५ वरून २५ करा. आतल्या खोलीतलं दुसरं मशीन त्याच यूपीएसवर असेल तर पहिल्यावर मोड नेटसर्व्हर, दुसऱ्यावर नेटक्लायंट, पोर्ट ३४९३, आणि दुसऱ्याच्या मॉनिटरच्या ओळीत प्रायमरीऐवजी सेकंडरी. मधला राउटर यूपीएसवरच हवा, नाहीतर लाईट गेल्याबरोबर दुसऱ्या मशीनला निरोपच पोचणार नाही.