स्टार्टअपसाठी को-वर्किंग स्पेस कशी उभारावी: आधी सदस्य, मग जागा

को-वर्किंग स्पेस, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं शुल्क देऊन एकत्र काम करायला बसतात अशी जागा, काढायची म्हटलं की बहुतेक जण सगळ्यात आधी जागा बघायला निघतात. जागा आवडते, करार होतो, इंटिरियरवर पैसा ओतला जातो आणि मग सदस्य मिळवायची धावपळ सुरू होते. माझं स्पष्ट मत आहे की हा क्रम उलटा हवा. ऑगस्ट 2005 मध्ये ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरने सॅन फ्रान्सिस्कोत ज्या उपक्रमाला को-वर्किंग हे नाव दिलं, तो एका केंद्रात आठवड्यातून दोन दिवस मिळालेल्या जागेत चालायचा. पहिला महिनाभर तिथे कुणी फिरकलंच नव्हतं. जागा दोनच दिवसांची होती, त्यामुळे वाट बघणं त्याला परवडलं.

1. पंधरावीस उद्योजक गाठा

उद्योजकांना भेटा, पण “अशी जागा निघाली तर याल का?” असं विचारू नका. सगळेच हो म्हणतात. सध्या कुठे बसता, त्याचे किती पैसे जातात, गेल्या आठवड्यात काम कशामुळे अडलं, हे विचारा. कुणाला ग्राहकाला बोलवायला बरी खोली नसते, कुणाला घरी फोनवर बोलता येत नाही, कुणाला दिवसभर एकट्याने बसायचा कंटाळा आलेला असतो. या उत्तरांवरून जागेत काय हवं ते ठरेल.

मग एखादा रिकामा हॉल किंवा ओळखीच्या ऑफिसातली मोकळी खोली आठवड्यातून एक दिवस मिळवा आणि सगळ्यांना तिथे कामाला बोलवा. दोन महिने हे चालू ठेवा. जे पुन्हापुन्हा येतात, एकमेकांना अडचणी विचारतात, ते तुमचे पहिले सदस्य. त्यांच्याकडून थोडी आगाऊ रक्कम घ्या. पैसे द्यायची वेळ आली की खरी गरज कुणाला आहे ते कळतं.

2. करारावर सही करण्याआधी गणित मांडा

या धंद्यातला मोठा धोका एकच: तुम्ही घरमालकाला वर्षानुवर्षांचं भाडं कबूल करता आणि सदस्य मात्र महिन्याच्या नोटिशीवर निघून जाऊ शकतो. 2010 मध्ये सुरू झालेल्या वीवर्क या को-वर्किंग कंपनीने नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यामागे लांब मुदतीच्या भाडेकरारांचं ओझं हे मोठं कारण होतं. छोट्या जागेलाही हाच नियम लागू पडतो.

महिन्याचा सगळा खर्च मांडा: भाडं, वीज, इंटरनेट, सफाई, पगार, दुरुस्ती. त्याला एका डेस्कच्या शुल्काने भागा. जो आकडा येईल तो एकूण डेस्कच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती जागा सोडून द्या, कितीही आवडलेली असली तरी. मीटिंग रूम, फोन बूथ (फोनवर बोलायची छोटी बंद खोली), पॅन्ट्री आणि येण्याजाण्याची वाट धरून माणशी साधारण 5 ते 6 चौरस मीटर लागतात. नुसती टेबलं मोजून आलेली क्षमता फसवी असते.

मालकाशी बोलताना लॉक-इन, म्हणजे जागा सोडता येत नाही ती मुदत, कमीत कमी ठेवा. इंटिरियरचं काम चालू असताना भाडं लागणार नाही असं बघा. भाड्याचा काही भाग उत्पन्नाच्या हिश्शात घ्यायला तो तयार आहे का, तेही विचारा. इतरांना बसायला जागा देण्याची परवानगी लेखी हवीच.

सगळीकडे बंद केबिन काढायचा मोह होईल, कारण केबिनचं भाडं स्थिर येतं. निम्म्याहून जास्त जागा केबिनला देऊ नका. दारं मिटली की शेजारच्याचं तोंडही दिसत नाही. शिवाय दोघांची कंपनी सहा महिन्यांत आठ जणांची होते किंवा बंद पडते. हलवता येतील अशी टेबलं घ्या.

3. जागा पारखून घ्या

सकाळी कामाच्या वेळेला एकदा जा, संध्याकाळी उशिरा एकदा जा. मंजूर वीजभार किती, आग लागली तर बाहेर पडायचे दोन वेगळे मार्ग आहेत का, स्वच्छतागृहं पुरतील का, रात्री उशिरा आणि सुटीच्या दिवशी इमारत उघडी असते का, कोपऱ्याकोपऱ्यात मोबाइलला रेंज येते का, हे स्वतः बघा.

4. आवाजावर खर्च करा

रंगीत भिंती आणि झोपाळे फोटोत छान दिसतात. सदस्य सोडून जातात ते मात्र शेजारचा दिवसभर फोनवर बोलतो म्हणून. पंख्याचा एकसुरी आवाज माणूस विसरतो, पण ज्यातले शब्द कळतात असं बोलणं कानाला सोडत नाही.

मीटिंग रूमची भिंत बहुतेक ठिकाणी फॉल्स सीलिंगपाशी थांबते. वरच्या पोकळीतून आवाज आरामात पलीकडे उतरतो. सुताराला ती वरच्या स्लॅबपर्यंत न्यायला सांगा आणि आत खनिज लोकर भरून घ्या. दाराखालची बोटभर फट रबरी पट्टीने बंद करा. ती उघडी राहिली तर भारी भिंतीचा खर्च वाया जातो. समोरासमोर काचा टाळा.

काम उरकल्यावर एकाला फोन बूथमध्ये बसवून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचायला सांगा आणि स्वतः सगळ्यात जवळच्या डेस्कवर बसा. शब्द कळत असतील तर ठेकेदाराचा शेवटचा हप्ता थांबवा. बूथ सढळ हाताने काढा, दहा डेस्कमागे निदान एक.

5. इंटरनेट, वीज, हवा

दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्या आणि एक पडली की दुसरी आपोआप सुरू होईल अशी सोय करा. दोन्ही केबल इमारतीत एकाच वाटेने येत असतील तर एकाच खोदकामात दोन्ही तुटतील, म्हणून वाटही विचारा. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. तेव्हा लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर राहतील असं बघा, अॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी यंत्रं) विभागून बसवा आणि कायमच्या डेस्कना केबल द्या. प्रत्येक कंपनीचं आणि पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं हवं. राउटर आणि स्विच यूपीएसवर ठेवा.

साधा स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करत राहतो, बाहेरची हवा आत आणत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम (दहा लाख भागांत 420 भाग) असतो. दार लावून सहा जण छोट्या खोलीत बसले की तो बघता बघता 1000 च्या वर जातो आणि सगळ्यांना जांभया येतात. ताजी हवा आणणारा पंखा प्रत्येक मीटिंग रूमला बसवा. टेबलावर 500 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड हवा आणि खिडकी स्क्रीनच्या बाजूला यावी, समोर किंवा मागे नको.

6. माणसं भेटतील अशी मांडणी करा

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या थॉमस अॅलन यांनी 1970 च्या दशकात इंजिनियरांचा अभ्यास करून दाखवलं की टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं, आणि 50 मीटरच्या पुढे तर ते जवळजवळ थांबतं. म्हणून कॉफी, प्रिंटर आणि पाणी एकाच ठिकाणी, सगळ्यांच्या वाटेवर ठेवा. शांत विभाग तिथून लांब, दुसऱ्या टोकाला ठेवा.

7. नियम एका पानात बसवा

शुल्क, नोटीस, अनामत कधी परत, पाहुणे, मीटिंग रूमचे तास, कंपनीच्या नोंदणीसाठी पत्ता वापरता येईल का. सदस्याच्या कल्पनेवर किंवा कंपनीत जागेचा कसलाही हक्क नाही, हेही लिहा. हे लिहिलेलं नसेल तर कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

8. गाजावाजा न करता उघडा

पहिले दोन आठवडे फक्त जुन्या पंधरावीस जणांना येऊ द्या. बूथचा पंखा खडखडतो, प्लग पॉइंट चुकीच्या बाजूला आलाय, हे तेच सांगतील. मग बाकीच्यांना दार उघडा.

सजावट कमी करा, पण दिवसभर जागेवर असणारा एक चांगला समन्वयक नेमा. कोण काय बनवतंय आणि कुठे अडलंय हे त्याला तोंडपाठ हवं. “हे अमुक, हे तमुक” एवढी ओळख पुरत नाही. “यांना पैसे जमा करण्याची प्रणाली जोडताना अडचण येतेय, तुम्ही ती गेल्या महिन्यात जोडलीत” अशी ओळख करून दिली की लगेच दोन खुर्च्या जवळ येतात.

रोज किती जण आले आणि कुठली टेबलं रिकामी राहिली, ते लिहून ठेवा. हॉट डेस्कची (ठरलेली जागा नाही, रिकामी दिसेल त्या खुर्चीवर बसायचं) सदस्यत्वं खुर्च्यांपेक्षा जास्त विकता येतात, पण हिशेब आठवड्यातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसावर करा. दोन आठवडे न दिसलेल्या सदस्याला समन्वयकाने स्वतः फोन करावा. कधी कारण आवाजाचं असतं, ते दुरुस्त होतं. कधी कंपनीच बंद पडलेली असते. अशा वेळी अनामत आठवड्याच्या आत परत द्या आणि नवं काही सुचेपर्यंत अधूनमधून येऊन बसायला सांगा. असे बरेच जण पुढे दुसरी कंपनी काढतात.