बाळंतविडा नेताना

मैत्रिणीला बाळ झालं की बहुतेक जण अगदी तान्ह्या मापाचे कपडे नेतात. दोन-चारदा घातले की ते तोकडे होतात. त्यापेक्षा ६ ते १२ महिन्यांच्या मापाचे घ्या, आणि तेव्हा ऋतू कोणता असेल तेही बघा.

आत्ताच्या वापराला मऊ सुती दुपटी, पुढून बांधायची झबली आणि लंगोट. पावसाळ्यात ही कितीही असली तरी कमीच पडतात, कारण वाळतच नाहीत.

माझ्या मते खरी मोलाची भेट मात्र आईसाठीची. नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा दूध पितं. रात्री दोन वाजता तिलाच कडकडून भूक लागते. उशाशी राहील असा डबा भरून द्या: अळिवाचे किंवा डिंकाचे लाडू, भाजलेले मखाणे, सोबत एका हाताने उघडणारी पाण्याची बाटली. जमलं तर आठवड्यातून एकदा गरम वरणभात-भाजी पोहोचवा, आणि दारातूनच परत फिरा. ती झोपलेली असेल.

मधाची बाटली मात्र नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणंही धोक्याचं असतं, त्यातून बोट्युलिझम हा जिवाणूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार होऊ शकतो.