पोकलेनची चेन आणि रोलर जास्त तास चालवायचे असतील तर

पोकलेन घेतलं की मालक लोक इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, फिल्टर सगळं तासावर बघतात, पण खालची चेन, रोलर (चेनला लागून फिरणारी छोटी चाकं), आयडलर (पुढचं बिनदात्याचं चाक), स्प्रॉकेट (मागचं, चेन ओढणारं दातेरी चाक) यांच्याकडे लक्ष जातं ते थेट चेन उतरल्यावर नाहीतर रोलर ऑइल गाळायला लागल्यावर, आणि तोपर्यंत बरंचसं हातातून गेलेलं असतं. पूर्ण अंडरकॅरेज, म्हणजे हा खालचा सगळा भाग, एकदम बदलायचं बिल लाखांत जातं. लोखंड घासणारच, ते कुणाला चुकलं नाही, पण किती लवकर घासायचं हे ऑपरेटरच्या हातात आणि संध्याकाळच्या दहा-पंधरा मिनिटांत आहे असं माझं ठाम मत आहे. खालचं सगळं २० टनी मशीन धरून लिहितोय, कारण शेततळं, नाला खोलीकरण, विहीर, मुरूम, जिकडे बघाल तिकडे तेच असतं.

सगळ्यात आधी चेनचा ताण. बऱ्याच जणांना वाटतं की चेन टाईट असली की उतरायची भीती नाही, म्हणून अॅडजस्टरमध्ये (ग्रीसच्या दाबाने चेन ताणणारा भाग) ग्रीस मारून मारून तार केल्यासारखी करून ठेवतात. तसं करू नका. ताणलेल्या चेनमध्ये पिन (चेनचे तुकडे म्हणजे लिंक जोडणारी) आणि बुश (पिनवरची नळी), बुश आणि स्प्रॉकेटचा दात यांच्यावर दाब कायम राहतो, मशीन नुसतं हललं तरी घासणं चालू, आयडलरवर लोड आणि वर डिझेलही जास्त. फार ढिली असली तर वरच्या रोलरवर आपटते, लिंकच्या बाजू रोलरच्या कडांना खातात आणि वळताना आयडलरवरून उतरते. म्हणजे मोजूनच ठेवायची, अंदाजाने नाही.

मोजायचं कसं ते बघा. मशीन सपाट आणि कडक जागेवर घ्या, वरचा भाग ९० अंशात फिरवा, बूम (मशीनचा मोठा हात) आणि आर्ममधला (त्याच्या पुढचा हात) कोन ९० ते ११० अंश ठेवा आणि बकेटची गोल पाठ टेकवून त्या बाजूची चेन उचला, दात टेकवायचे नाहीत. फ्रेमखाली ठोकळे लावा, ऑपरेटरने केबिन सोडायची नाही. चेन पुढे-मागे फिरवून माती झाडून घ्या, मग चेन थांबवून फ्रेमच्या मध्यावर, फ्रेमच्या खालच्या कडेपासून लोंबलेल्या शूच्या (चेनवर बसवलेली, जमिनीला टेकणारी प्लेट) पाठीपर्यंत अंतर घ्या. हिताचीच्या २० टनी मशीनला हे ३०० ते ३३५ मिमी असतं. कोमात्सुच्या पीसी२०० ला पद्धतच वेगळी, तिथे मशीन खालीच ठेवायचं, आयडलर आणि वरचा रोलर यांच्यामध्ये शूवर सरळ पट्टी ठेवायची आणि पट्टीखालचा झोल मोजायचा, तो १० ते ३० मिमी. त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या मशीनला लावू नका, मॅन्युअल काढा आणि तो आकडा केबिनमध्ये पेंटने लिहून ठेवा.

आता यातली महत्त्वाची गोष्ट, जी सहसा कुणी करत नाही. ताण यार्डात धुतलेल्या मशीनवर सेट करायचा नसतो, जिथे काम चाललंय तिथे करायचा असतो. काळ्या मातीत किंवा तलावाच्या गाळात (वरून भेगा पडलेला कोरडा दिसतो पण हात-दीड हात खाली चिकटच असतो) माती स्प्रॉकेटच्या दातांत आणि लिंकमध्ये ठासून बसते, तेवढी जागा खाते आणि चेन आपोआप टाईट होते. सकाळी बरोबर असलेली चेन दुपारी ताणलेली असते. म्हणून गाळात झोल जास्तीच्या बाजूला ठेवायचा, तिथून मशीन मुरमात किंवा दगडात गेलं की परत मोजून कमी करायचा. साइट बदलली की चेन मोजायची.

ढिली करताना मात्र जपून. अॅडजस्टरमधलं ग्रीस भयंकर दाबाखाली असतं. वॉल्व्ह हळूहळू आणि एका फेरीच्या आतच सोडायचा, ग्रीस निप्पलला तर हात लावायचाच नाही, आणि तोंड, हात, पोट काहीही त्याच्या समोर नको. ग्रीस बाहेर येत नसेल तर वॉल्व्ह आणखी उघडू नका, मशीन थोडं पुढे-मागे घ्या, येतं. असली कामं हेल्परला एकट्याला सांगू नका.

दुसरं, साफसफाई. माती ओली असतानाच काढायची, त्याच संध्याकाळी. रात्रभर वाळली की काळी माती सिमेंटसारखी धरते, सकाळी रोलर फिरतच नाही, चेन त्याच्यावरून घासत जाते आणि रोलर एका बाजूने चपटा होतो, मग तो कधीच नीट फिरत नाही. एका बाजूची चेन उचलून दोन्हीकडे फिरवा, अर्धी माती तशीच पडते, उरलेली फावड्याने आणि सळईने काढा, चेन थांबल्यावरच. नदीपात्रात काम असेल तर पाण्याने धुवाच, वाळू आणि पाणी एकत्र आलं की पिन-बुश फार झपाट्याने जातात.

शेतातल्या कामाला आणखी एक त्रास आहे तो म्हणजे ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर आणि कुंपणाची तार. हे सगळं चेनबरोबर वर येतं आणि स्प्रॉकेटच्या मागे, फायनल ड्राइव्हच्या (स्प्रॉकेट फिरवणारा गिअरबॉक्स) सीलजवळ गुंडाळून बसतं. बाहेरून दिसत नाही. सील कापलं की ऑइल बाहेर आणि माती आत, आणि मग चेन राहिली बाजूला, ट्रॅव्हल मोटर आणि गिअरचंच काम निघतं. कामाला लागायच्या आधी शेतकऱ्याला नळ्या उचलायला सांगा आणि संध्याकाळी टॉर्च मारून आत बघा.

चालवण्याच्या सवयी. आयडलर पुढे आणि स्प्रॉकेट मागे, ही पुढे जायची दिशा. रिव्हर्समध्ये वरची सगळी चेन ताणाखाली येते आणि बुश दातावर लोडमध्येच फिरतं, म्हणून लांब रिव्हर्स टाळायचं. गंमत अशी की केबिन उलटी फिरलेली असली तर लिव्हर पुढे ढकलूनही मशीन रिव्हर्सच जात असतं, तेव्हा निघायच्या आधी स्प्रॉकेट कुठे आहे ते बघा. जागेवर गिरकी घेणं, एक चेन पुढे एक मागे करून, हे अगदी अडचण असेल तरच, नाहीतर मोठा वळसा घ्या, थोडं थोडं वळा. सारखं एकाच बाजूला वळत असाल तर डंपर उभा करायची जागा बदला. सशाच्या, म्हणजे जास्तीच्या, स्पीडमध्ये उगाच पळवू नका. एका शेतातून दुसऱ्या शेतात ठीक आहे, पण गाव बदलायचं असेल तर ट्रेलर मागवा, ट्रेलरचं भाडं वाचवायला चार-पाच किलोमीटर चालवत नेलं की रोलर तापतात, आतलं ऑइल पातळ होतं, सील जातात, आणि वाचलेले पैसे तिकडेच भरावे लागतात. उतारावर आडवं उभं राहून काम करू नका, सगळं वजन खालच्या बाजूच्या चेनवर येतं. ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावला असेल तर तो चेनच्या आडवा, बाजूला घेऊन मारू नका.

शूची रुंदी. रुंद शू म्हणजे भारी मशीन असा समज आहे. दलदलीत ८०० मिमी शू लागतात हे खरं, पण तेच शू घेऊन बेसॉल्टच्या खदानीत गेलात तर दगडावर कड टेकून शू वाकतात, बोल्ट सैल होतात, लिंकला पीळ बसतो. मशीन रुतत नाही एवढीच रुंदी पुरते, दगडात साधारण ६०० मिमी बरी. बोल्ट रोज डोळ्याने बघा, एक सैल राहिला की भोक मोठं होतं आणि मग नवीन बोल्टही टिकत नाही.

आता झीज मोजायचं. २० टनी मशीनच्या चेनचा पिच, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, १९० मिमी असतो, म्हणजे चेन ताणून धरून चार लिंक मोजल्या तर नवीन चेनला ७६० मिमी येतात. दर काही महिन्यांनी मोजून वहीत तास आणि आकडा लिहा. चेन लांबली म्हणजे लिंक ताणली जात नाही, आत पिन आणि बुश घासलेले असतात, आणि एकाच बाजूने घासलेले असतात. म्हणून मर्यादा संपायच्या आधी चेन प्रेसवर नेऊन पिन-बुश १८० अंश पलटी करून घेतले की न घासलेली बाजू कामाला येते आणि चेनला बरेच तास मिळतात. उशीर केला, बुशला तडा गेला किंवा भोक पडलं, की पलटीचा उपयोग नाही. काही मिस्त्री एक लिंक काढून चेन आखूड करून देतात. सीझन संपेपर्यंत ढकलायला ठीक, पण पिच वाढलेलाच राहतो आणि स्प्रॉकेटचे दात टोकदार होत जातात. जुन्या लांबलेल्या चेनवर नवा स्प्रॉकेट बसवू नका, दात आणि बुश जुळतच नाहीत, नवा स्प्रॉकेट वाया जातो.

रोलरपैकी पुढचे आणि मागचे जास्त घासतात, मधले कमी. अर्धं आयुष्य झालं की जागा अदलाबदल करा, सगळे एकत्र संपतील. ज्या रोलरवर ऑइलचा ओला डाग दिसतो तो लगेच काढा, कोरडा फिरणारा रोलर चेनच्या पट्ट्याही खातो.

पावसाळ्यात मशीन उभं राहणार असेल तर आधी पूर्ण धुवा, वाळू द्या, पाणी न साचणाऱ्या मुरमाच्या जागेवर किंवा लाकडी फळ्यांवर उभं करा, आणि महिन्यातून एक-दोनदा इंजिन गरम करून पुढे-मागे चालवा म्हणजे पिन गंजून आखडत नाहीत. दिवाळीच्या आसपास पहिल्या कामावर निघायच्या आधी परत चेनचा ताण, बोल्ट आणि फायनल ड्राइव्हचं ऑइल बघून घ्या, ऑइल पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय, बदलूनच निघा.