सांडपाण्याच्या पाइपाचा गळका सांधा घरच्या घरी कसा बंद करावा

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असे नाही. पाणी पाइपाच्या पोटाला धरून सरकत जाते आणि सगळ्यात खालच्या जागी ठिबकते. म्हणून आधी सगळे सांधे फडक्याने कोरडे पुसा, प्रत्येकाभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा आणि अर्धी बादली पाण्यात कपड्यांची नीळ घालून ते सिंकमध्ये ओता. जी पट्टी आधी निळी पडेल तो सांधा गळका. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीतूनही ओल उतरते. एकही पट्टी निळी झाली नाही, तर पाइपाला हात लावू नका, भिंत तपासा.

मग पाइप तुंबलाय का ते बघा. सांडपाण्याच्या पाइपात नळासारखा दाब नसतो, पाणी सरळ वाहून जात असेल तर बारीक फट महिनोन्‌महिने गप्प बसते. खोबऱ्याचा चोथा आणि तेलाचा थर साचून पाणी आत उभे राहू लागले की तीच फट ठिबकायला लागते. ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग, उघडून साफ केल्याशिवाय वरून कितीही लेप दिला तरी पाणी दुसरीकडून वाट काढणारच.

सिंकखालचा सांधा बहुधा नटाचा असतो. तो खोला आणि आतला वॉशर बोटांत दाबून बघा. कडक झाला असेल, चिरला असेल तर त्याच मापाचा नवा आणा. जुना सोबत नेला की दुकानात घोळ होत नाही. वॉशरची निमुळती बाजू सांध्याच्या तोंडाकडे आणि सपाट बाजू नटाकडे हवी. इथे पाणी वॉशर अडवतो, आटे नव्हे, त्यामुळे टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही. नट हाताने आवळा, नंतर फार तर पाव फेरा. पान्याने ताकद लावली की प्लास्टिकचा नट उभा तडकतो.

सोल्युशनने चिकटवलेल्या सांध्यात बहुतेकांची चूक होते ती इथे: गळणाऱ्या कडेवर बाहेरून सोल्युशन फासतात. सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते पीव्हीसीचा वरचा थर विरघळवून पाइप आणि सॉकेट (पाइप ज्यात शिरतो ते रुंद तोंड) एकजीव करते, आणि त्यासाठी ते दोघांच्या मधे, कोरड्या जागी पोचावे लागते. बाहेर फासलेल्याचा नुसता पापुद्रा होतो. बारीक गळतीला एम-सीलसारखी दोन भागांची पुटी चालते. पाणी बंद ठेवून सांधा पूर्ण वाळवा. ऐन पावसात पंखा लावून रात्रभर. कडेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर पट्टा सँडपेपरने चकाकी जाईपर्यंत घासा. दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा, दोरीसारखी वळी करून अंगठ्याने फटीत दाबत सांध्याभोवती पूर्ण फिरवा. 24 तास पाणी सोडू नका.

सॉकेटच तडकले असेल तर पुटीच्या भानगडीत न पडता तेवढा तुकडा कापून कपलर (दोन पाइप जोडणारी आखूड नळी) घालून नवा बसवा. कापलेल्या कडेची कुसळे काढा, पुसा, दोन्हीकडे पातळ सोल्युशन लावा, पाव फेरा देत आत ढकला आणि अर्धा मिनिट तसेच धरून ठेवा, नाहीतर पाइप मागे सरकतो. सोल्युशनची वाफ पेट घेते. ओट्याखाली सिलिंडर शेजारीच असतो, तेव्हा शेगडी बंद, रेग्युलेटर बंद, खिडकी उघडी.

बाहेरच्या उभ्या पाइपात पुष्कळदा रबर रिंगचे सांधे असतात. तिथे सोल्युशन लावायचे नाही. सांधा सोडवा, खाचेतली वाळू काढा, रिंग पिळवटली नाही ना ते पाहून बसवा. घसरण्यासाठी साबणाचे पाणी वापरा, खोबरेल नको, तेलाने रबर फुगते. पाइप तळापर्यंत ढकलून सुमारे 10 मिलिमीटर मागे ओढा, उन्हात तो लांबतो.

सांधा पुन्हा गळला तर कारण दोनांतले एक असते. उकड्या तांदळाची कढत पेज थेट सिंकमध्ये ओतणे हे पहिले; पीव्हीसीला साधारण 60 अंशांवरचे पाणी रोज सोसत नाही, पेजेसोबत नळ सोडावा. दुसरे म्हणजे अधांतरी पाइप. आडव्या 110 मिलिमीटर पाइपाला दर मीटरभर क्लॅम्प हवा, नाहीतर त्याचे सगळे वजन सांध्यावर येते.