बरसीम पेरायचंय? आधी मीठ आणा

बरसीम म्हणजे जनावरांचा थंडीतला हिरवा चारा. त्याचं बाजारातून आणलेलं बी तसंच वाफ्यात फेकू नका. त्यात बहुतेक वेळा कासनी या तणाचं बी मिसळलेलं असतं आणि ती एकदा रानात शिरली की दर कापणीला डोकं वर काढते. ग्वाल्हेरचा दुकानदार कितीही शपथा घेवो, मी दहा लिटर पाण्यात किलोभर मीठ विरघळवून बी त्यात सोडतेच. कासनी हलकी, ती वर तरंगते, गाळून फेकायची. तळाचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं.

मग रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरवणारे जिवाणू. बरसीम हवेतला नत्र घेतं ते मुळांवरच्या गाठींमुळे, आणि पहिल्यांदाच पेरताय तर त्या आपोआप धरतील या भरवशावर राहू नका. पाकीट बरसीमचंच मागा, हरभऱ्याचं चालत नाही. गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाला चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेरणी उरकावी. बी एकरी दहा किलो, सोबत अर्धा किलो मोहरी, म्हणजे पहिली कापणी जरा भरते. वाफ्यात दोन-तीन बोटं पाणी ठेवून ते गढूळ करा आणि वारा पडलेला असताना बी फेका.

पहिली कापणी 50 ते 55 दिवसांनी, पुढच्या 25 ते 30 दिवसांनी. जमिनीपासून तीन-चार बोटं सोडून विळा चालवा, तिथूनच नवे फुटवे येतात. म्हशी मात्र आत सोडू नका. खातील थोडं, तुडवतील फार.

आता पोटफुगीचं. आमच्या ग्वाल्हेरजवळच्या मुरार भागात थंडीत दवानं चिंब झालेला भारा सकाळी सकाळी उपाशी जनावरापुढे टाकणारे अजून आहेत! कोवळ्या बरसीमनं पोटात फेस धरतो, वायू बाहेर पडत नाही आणि डावी कूस ढोलासारखी ताणते. तसं दिसलं की डॉक्टरांना बोलवाच. तोवर जनावर उभं ठेवा, पुढचे पाय उंचावर. त्यापेक्षा आधी गव्हाचा भुसा घाला, मग सुकवलेल्या बरसीमची कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, भुशात मिसळून. सुरुवातीचा आठवडाभर हळूहळू वाढवा. हिरवं बघून म्हैस हंबरते, तेव्हा मन घट्ट करायचं.

घरचं बी हवं असेल तर मार्चमध्ये एक तुकडा कापायचा थांबवा. फुलावर मधमाश्या हव्यात, तेव्हा त्या दिवसांत शेजारच्या वाफ्यातही कीटकनाशक मारू नका.