विद्यापीठात लिनक्स सांभाळायला जाण्यापूर्वी

विद्यापीठातल्या लिनक्सच्या नोकरीच्या जाहिराती बघायला लागलं की पहिला गोंधळ पदाच्या नावाचा होतो. कुठे सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, कुठे टेक्निकल ऑफिसर, कुठे सिस्टिम अ‍ॅनालिस्ट, तर एखाद्या प्रकल्पात नुसतंच प्रोजेक्ट असिस्टंट. म्हणून नावावर जाऊ नका, कामाचं वर्णन शेवटपर्यंत वाचा. विद्यापीठांच्या संकेतस्थळांबरोबर संशोधन संस्थांची भरतीची पानंही बघत राहा. पुण्यातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, आयसर ही विज्ञान संस्था आणि तिथला ‘परम ब्रह्म’ महासंगणक आहे, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी दिलेला ‘परम रुद्र’ महासंगणक आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो, त्यामुळे जिथे मोठी गणितं तिथे हे काम असणारच. पद कायम आहे की ११ महिन्यांच्या करारावरचं, हे मात्र अर्ज भरण्याआधीच बघून ठेवा.

मग घरी एक छोटं विद्यापीठ उभं करा. १६ जीबी मेमरीचा जुना संगणक पुरतो. त्यावर केव्हीएम (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवण्याची सोय) टाकून चार आभासी मशिन बनवा: एक फाइली साठवायला, एक एलडॅपसाठी (सगळ्यांची खाती एका जागी ठेवणारी सेवा), दोन गणनेसाठी. एकीकडे रॉकी किंवा अल्मा, दुसरीकडे डेबियन, असं लिनक्सच्या आवृत्त्यांचं मुद्दाम मिश्रण ठेवा. सेंटॉस ७ या जुन्या लिनक्सचा आधार ३० जून २०२४ ला संपला, तरी एखाद्या प्रयोगशाळेतल्या महागड्या उपकरणाला जोडलेलं मशिन अजून त्याच्यावर अडलेलं सापडू शकतं, कारण उपकरणाचं सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. असं मशिन बंद करा म्हणून प्राध्यापकांशी भांडण्यापेक्षा ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) कसं ठेवायचं, हे शिकून घ्या.

या घरच्या विद्यापीठात एक प्रयोग आवर्जून करा. एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली वापरू देणाऱ्या व्यवस्थेवर) दोन विद्यार्थ्यांची खाती बनवा, पहिल्याचं खातं काढून टाका पण फाइली तशाच राहू द्या, आणि नव्या तिसऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याचाच युजर क्रमांक द्या. आता फाइलींचा मालक कोण दिसतो ते बघा. नेहमीच्या मांडणीत एनएफएस माणसाचं नाव ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. गेलेल्याचं सगळं काम नव्याच्या हातात जातं. कंपनीत माणसं जातात-येतात, पण विद्यापीठात दरवर्षी एक आख्खी तुकडी जाते आणि दुसरी येते. पीएचडीचा विद्यार्थी थिसिस देऊन निघून जातो आणि त्याचा डेटा मार्गदर्शकांना काही वर्षांनी एखाद्या शोधनिबंधासाठी हवा असतो. म्हणून एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही, खातं आधी गोठवायचं आणि डेटा कुणाच्या नावावर करायचा हे लेखी विचारून घ्यायचं. मला विचाराल तर या नोकरीचा गाभा हाच आहे: दुसऱ्याचं अनेक वर्षांचं काम तुमच्या भरवशावर पडलेलं असतं.

म्हणूनच बॅकअप घ्यायला शिकलो एवढ्यावर थांबू नका. रिस्टोअर करा. आठवड्यातला एक दिवस ठरवा, एखादं मशिन पूर्ण पुसा आणि केवळ बॅकअपवरून परत उभं करा. एकच फाइल परत आणणं, एका दिवसापूर्वीचा डेटाबेस परत आणणं आणि सगळी डिस्क परत आणणं ही तीन निरनिराळी कामं आहेत. तिन्ही हाताखालून गेलेली असू द्या. विद्यापीठाचं मूडल (ऑनलाइन वर्ग), ग्रंथालयाचं कोहा, प्रबंधांचं डीस्पेस या सॉफ्टवेअरांतलं एखादं तरी यात घ्या, कारण तिथे फाइली आणि डेटाबेस एकाच वेळेचे असावे लागतात. डिस्कवर जागा दिसते आणि तरी ‘जागा नाही’ असा संदेश येतो, तोही मुद्दाम घडवून बघा. लाखो बारीक फाइली बनवून आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी नोंदीची जागा) संपवले की ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम हेच करते, आणि सिम्युलेशन करणारे विद्यार्थी ते रोजच्या कामात सहज करतात.

गणनेच्या दोन मशिनवर स्लर्म (संशोधकांची कामं रांगेत लावून मशिनवर वाटणारं सॉफ्टवेअर) बसवा. तो पहिल्या झटक्यात चालणार नाही, आणि कारण बहुधा मंजची (मशिनमध्ये ओळख पटवणाऱ्या सेवेची) किल्ली सगळीकडे सारखी नसणं किंवा घड्याळं जुळत नसणं हे असेल. घड्याळाचं महत्त्व नीट समजून घ्या. कर्बेरॉस (लॉगिनची ओळख पटवणारी आणखी एक पद्धत) आणि मंज दोन्ही, काही बदल केला नसेल तर, ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतात. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. शिवाय लॉग (मशिनवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे आणि सुरक्षेची घटना ६ तासांत कळवायची. हे निर्देश सरकारी संस्थांनाही लागू आहेत. मुलाखतीला जाण्याआधी मूळ कागद वाचून जा.

विद्यापीठाचं वेळापत्रकही अभ्यासाचा भाग समजा. प्रवेश, परीक्षा अर्ज, प्रात्यक्षिकं, निकाल या काळात लॅबच्या मशिनला हात लावायचा नाही. मोठे बदल दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत. पण संशोधकांना सुट्टी नसते, त्यांचा जॉब (मशिनला दिलेलं गणनेचं काम) दिवसेंदिवस चालू असतो. यासाठी स्लर्ममध्ये देखभालीचं आरक्षण टाकायला शिका: जो जॉब त्या वेळेआधी संपणार नाही, त्याला स्लर्म सुरूच करत नाही. सूचना १५ दिवस आधी द्या, आणि ती साध्या मराठीत किंवा इंग्रजीत, काय बंद राहील आणि केव्हा चालू होईल एवढंच सांगणारी.

सर्टिफिकेटचं फार ओझं नको. रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा पूर्णपणे प्रात्यक्षिक असते, आणि मशिन रिबूट झाल्यावर केलेलं काम टिकलं तरच गुण मिळतात. त्यामुळे तिच्या तयारीने हात बसतो. मात्र बॅश (लिनक्सच्या आज्ञा लिहायची भाषा) आणि थोडं पायथन येणं, अ‍ॅन्सिबलने (अनेक मशिनवर एकाच वेळी बदल करणाऱ्या साधनाने) ४० मशिनची लॅब एकसारखी ठेवता येणं, याला मी जास्त मोल देतो.

एक भाग अभ्यासक्रमात कुठेच नसतो: कार्यालय. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर खरेदी कशी होते, सर्व्हरचं स्पेसिफिकेशन असं कसं लिहायचं की सर्वांत कमी दराची निविदा मान्य करूनही हवी तीच वस्तू येईल, एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) सुटे भाग धरलेत की फक्त मजुरी, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद कशी होते, बिघडलेल्या डिस्कचं निर्लेखन (नोंदवहीतून वगळणं) होईपर्यंत ती कुठे ठेवायची. जुनी डिस्क निघताना तिच्यावरचा डेटा पुसला का, हे विचारणारे बहुतेक तुम्ही एकटेच असाल. ओळखीच्या कॉलेजमधल्या लॅब असिस्टंटकडे किंवा भांडार विभागातल्या माणसाकडे एक दुपार बसा. ती मंडळी आनंदाने सांगतात.

मुलाखतीत तुम्हीही विचारा: शेवटचा रिस्टोअर केव्हा करून पाहिला? सर्व्हर रूमचा एसी बंद पडला तर रात्री कुणाला कळतं? रूट पासवर्ड (सर्वाधिकार असलेल्या खात्याचे) आज कुणाकडे आहेत? मिळालेली उत्तरं लिहून ठेवा, कारण रुजू झाल्यावर त्याच क्रमाने कामाला लागता येईल.

रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात वीज गेल्यानंतरचा क्रम समजून घ्या. यूपीएस किती मिनिटं ओढतो, जनरेटर एसीलाही आहे की नाही, आधी स्टोरेज, मग एलडॅप आणि डीएनएस (मशिनच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा), मग गणनेची मशिन. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) एनएफएसच्या ओळीला ‘नोफेल’ (जोडणी झाली नाही तरी पुढे जा) आहे का ते तपासा, नाहीतर स्टोरेज उठायच्या आधी चालू झालेलं मशिन बूट होतानाच अडकू शकतं. हा क्रम छापून सर्व्हर रूमच्या दारामागे लावा. विकीवर ठेवलात तर तो नेमका बंद पडलेल्या सर्व्हरवरच असेल.